काटा एका गाडीचा, सेन्सर दुसरीचा, आणि जबाबदारी कुणाचीच नाही

मंडळी, विषय वरवर पाहता गॅरेजमधला आहे. पण तो आपल्या खिशापर्यंत, फुफ्फुसांपर्यंत आणि घाटातल्या वळणापर्यंत येऊन पोचतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. जुन्या डिझेल गाडीचा आरपीएम मीटर, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय ते दाखवणारा काटा, आणि त्या काट्याला माहिती पुरवणारा सेन्सर. हे एका गाडीतून काढून दुसरीत बसवायचा उद्योग आपल्याकडे गावोगावच्या गॅरेजांत चालतो. चालायलाही हवा. माझं भांडण तो ज्या पद्धतीने चालतो तिच्याशी आहे, आणि ती पद्धत तशीच राहण्यात ज्यांची सोय आहे त्यांच्याशी आहे.

आधी तांत्रिक भाग उरकू. तो कळल्याशिवाय पुढचा राग कळणार नाही.

पेट्रोल गाडीत ठिणगी असते. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन ठिणग्या पडतात. मीटर इग्निशन कॉइलवरून त्या मोजतो आणि काटा हलवतो. डिझेलमध्ये कॉइलच नाही. हवा दाबून तापवायची आणि त्यात डिझेल फवारायचं, की ते आपोआप पेटतं. मग फेरे मोजायचे कशावरून? जुन्या गाड्यांत त्याच्या साधारण चार वाटा होत्या. काहींत सरळ केबल, स्पीडोमीटरसारखी. काहींत अल्टरनेटरवरचं डब्ल्यू टर्मिनल. काहींत फ्लायव्हीलच्या दातांसमोर बसवलेला चुंबकीय पिकअप. आणि काहींत डिझेल पंपावरच बसवलेला सेन्सर.

आता गंमत बघा. इंजिन स्लोवर ७५० आरपीएमला चाललंय असं धरू. म्हणजे सेकंदाला साडेबारा फेरे. पेट्रोलच्या कॉइलवरून मीटरला सेकंदाला २५ ठोके मिळतील. डिझेलचा अल्टरनेटर १२ पोलचा असेल तर त्याच्या एका फेऱ्यात ६ ठोके, आणि पुलीमुळे तो इंजिनाच्या दुप्पट फिरत असेल तर इंजिनाच्या एका फेऱ्याला १२ ठोके, म्हणजे सेकंदाला १५०. फ्लायव्हीलला १२० दात असतील तर सेकंदाला १५००. इंजिन तेच, वेग तोच, पण मीटरच्या तारेवर येणारा आकडा कुठे २५, कुठे १५०, कुठे १५००.

म्हणून पेट्रोल गाडीचा मीटर डिझेलच्या डब्ल्यू टर्मिनलला जोडला तर स्लोवर उभी असलेली गाडी ४५०० आरपीएम दाखवते. हे निदान कुणालाही खटकतं. खरा धोका त्याहून बारीक चुकीत आहे. दोन्ही गाड्या डिझेल, दोन्हींत डब्ल्यू टर्मिनल, फक्त पुलीचा व्यास वेगळा. एकीत फेऱ्याला १२ ठोके, दुसरीत १५. दुसरीचा मीटर पहिलीत बसवला की तो प्रत्येक आकडा २० टक्क्यांनी कमी दाखवणार. काटा झकास हलतो, रेस केली की वर जातो, सोडली की खाली येतो. गिऱ्हाईक खूश, गॅरेजवाला खूश. आणि मीटर रोज खोटं बोलतोय.

शिवाय प्रश्न केवळ ठोक्यांचा नाही. डब्ल्यू टर्मिनलवरून येणारा सिग्नल दणकट असतो. चुंबकीय पिकअपचा सिग्नल मंद वेगात फार क्षीण असतो, आणि दातापासूनचं अंतर जरा वाढलं की आणखी मरतो. त्यासाठी काही गाड्यांत मीटर आणि सेन्सर यांच्यामध्ये सिग्नल वाढवणारा छोटा डबा असतो. भंगारातून मीटर काढताना तो डबा तिथेच राहतो, कारण तो डॅशबोर्डच्या मागे कुठेतरी कोपऱ्यात असतो आणि कुणाला माहीतच नसतो. मग "मीटर खराब निघाला, दुसरा आणा" हे चक्र सुरू होतं. अल्टरनेटर बदलतानाही हेच. नवा बसवला त्याला डब्ल्यू टर्मिनल नाही, काटा मेला, आणि खापर फुटतं मीटरवर.

थोडक्यात, मीटर आणि सेन्सर ही जोडी आहे. एकाच गाडीतून, एकाच इंजिनावरून, मधल्या डब्यासकट आणि प्लगच्या तारांच्या वीतभर तुकड्यासकट ती यायला हवी. ही गोष्ट दहा मिनिटांत शिकवता येते. पण शिकवणार कोण?

इथे पहिला आक्षेप येतो. "अहो, आरपीएम मीटर लागतोच कशाला? आमचे आजोबा कानाने गाडी चालवायचे." कान हवेच. ज्याचा कान तयार आहे अशा जुन्या मेकॅनिकपुढे मी हात जोडतो. पण खंबाटकी, वरंधा किंवा आंबेनळी घाट उतरताना काय होतं ते लक्षात घ्या. सपाटीवर जुन्या डिझेल इंजिनाला पंपाचा गव्हर्नर आवरतो, ठरलेल्या वेगापुढे तो डिझेल तोडतो. उतारावर गिअरमध्ये गाडी असते तेव्हा इंजिन चाकांना फिरवत नसतं, चाकं इंजिनाला फिरवत असतात. तिथे गव्हर्नर डिझेल बंद करून मोकळा होतो, पण वेग वाढतच राहू शकतो. अशा वेळी खालचा गिअर टाकायचा की थोडं ब्रेकवर घेऊन मग टाकायचा, हे ठरवताना काटा उपयोगी पडतो. जुन्या डिझेल कारची कमाल मर्यादा साधारण ४००० ते ४५०० च्या आसपास असते. वीस टक्के कमी दाखवणारा मीटर ४४०० ला ३५२० दाखवेल. चालक म्हणेल, अजून वाव आहे. वाव नसतो. मीटर नसलेला चालक निदान सावध असतो. खोटा मीटर असलेला चालक निर्धास्त असतो, आणि तो जास्त धोक्यात असतो.

दुसरा आक्षेप आपल्या लाडक्या 'जुगाड' शब्दाचा. जुगाडाचं कौतुक करणारे लेख लिहिणाऱ्यांना कधी जुगाड केलेली गाडी घाटातून उतरवावी लागत नाही. हाताशी जे आहे त्यातून मार्ग काढणं हे कौशल्य आहे, वाद नाही. पण काम झाल्यावर ते बरोबर झालं का हे न तपासणं याला कौशल्य म्हणत नाहीत, त्याला 'भागवून नेणं' म्हणतात. क्रँकच्या पुलीवर चकाकणाऱ्या टेपचा छोटा तुकडा चिकटवायचा, हातातला ऑप्टिकल टॅकोमीटर त्याच्यावर रोखायचा, आणि स्लोवर, २००० ला आणि ३००० ला असे तीन आकडे गाडीच्या काट्याशी ताडून बघायचे. हे यंत्र हजार-दोन हजारांत मिळतं. पाच मिनिटांचं काम. बऱ्याच जुन्या मीटरच्या मागे जुळवणीचा छोटा स्क्रू असतो, तो फिरवून फरक काढता येतो. तरीही हे होत नाही, कारण गिऱ्हाईक विचारत नाही आणि गॅरेजवाला सांगत नाही.

पण सगळा दोष गॅरेजवाल्याच्या माथी मारणं ही लबाडी ठरेल. त्याच्याकडे माहिती येणार कुठून? फेऱ्याला किती ठोके, कोणत्या पिनवर कोणती तार, सेन्सर आणि दात यांच्यात अंतर किती, हे सगळं कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. ते मॅन्युअल कंपनीच्या वर्कशॉपबाहेर मिळत नाही. मी स्वतः एका बंद झालेल्या मॉडेलचा सेन्सर मागायला एका अधिकृत काउंटरवर गेलो होतो. उत्तर आलं, "सर, तो माल येत नाही आता. वायरिंग डायग्राम आम्ही बाहेर देत नाही. एक्सचेंजमध्ये नवीन गाडी बघता का?" म्हणजे माल देणार नाही, माहिती देणार नाही, आणि वर नवीन गाडीचं कोटेशन मात्र चहासोबत देणार.

हे एका काउंटरचं दुखणं नाही, याला सरकारी कागदावरचा पुरावा आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कारण काय? सुटे भाग आणि दोष शोधायची साधनं खुल्या बाजारात मिळू न देणं, आणि त्यामुळे स्वतंत्र गॅरेजवाल्यांची आणि गिऱ्हाइकांची अडवणूक. पुढे प्रकरण अपिलांत आणि कोर्टांत गेलं. २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्राने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं. त्यात चार क्षेत्रं घेतली: शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं. उत्तम. पण पोर्टलवर कंपन्यांच्या कस्टमर केअरचे नंबर चढवणं म्हणजे दुरुस्तीचा हक्क झाला का? हक्क म्हणजे मागितल्यावर नाकारता येणार नाही अशी गोष्ट. पंचवीस वर्षांपूर्वीच्या डिझेल गाडीच्या वायरिंग डायग्राममध्ये असं कोणतं व्यापारी गुपित उरलंय की ते लोकांपुढे ठेवता येत नाही? त्या इंजिनाचं उत्पादन बंद, स्पर्धक नाही, धंदा नाही. तरी कुलूप कायम. कुलूप एकाच कामाचं आहे: जुनी गाडी लवकर मरावी.

आता सरकारकडे वळू. आपल्या धोरणाला जुन्या गाडीविषयी एकच प्रश्न विचारता येतो: वय काय? दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम केली. जुलै २०२५ मध्ये पंपावर इंधन द्यायचंच नाही इथपर्यंत मजल गेली, मग लोक खवळल्यावर काही दिवसांत तो निर्णय लांबणीवर टाकला. २०२१ चं स्क्रॅपिंग धोरण खासगी गाडीसाठी २० आणि व्यावसायिक गाडीसाठी १५ वर्षांची रेघ ओढतं. सरकारी खात्यांच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द. आणि सामान्य माणसाला? १५ वर्षांवरच्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५००० वर. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारसाठी ती १०,००० केली.

स्क्रॅपिंगचं धोरण निदान फिटनेस चाचणीचं नाव घेतं, हे मान्य. मग चाचणी खरी होऊ द्या ना! दहा हजार रुपये भरल्याने धूर कमी होत नाही.

धुराचाच विषय निघाला आहे तर पीयूसीबद्दल बोलू, कारण आरपीएमची गोष्ट तिथे फुफ्फुसांना येऊन भिडते. डिझेल गाडीची धुराची चाचणी 'फ्री अ‍ॅक्सिलरेशन'ने होते. इंजिन गरम करायचं, गाडी न्यूट्रलला, अ‍ॅक्सिलरेटर एका दमात तळापर्यंत दाबायचा, इंजिन गव्हर्नरच्या मर्यादेपर्यंत जाऊ द्यायचं, आणि त्या वेळचा धूर किती गडद आहे ते मोजायचं. बीएस-४ च्या आधीच्या गाडीला मर्यादा प्रति मीटर २.४५, बीएस-४ ला १.६२. या सगळ्याचा जीव एका गोष्टीत आहे: इंजिन खरोखर पूर्ण वेगाला गेलं का? पेडल अर्धंच दाबलं तर पंप कमी डिझेल फवारतो, धूर कमी येतो, आकडा सुंदर येतो. म्हणून तर चाचणी करणाऱ्याने आपला स्वतंत्र आरपीएम सेन्सर लावायचा असतो. कुठे तो इंजेक्टरच्या पाइपला चिमट्यासारखा बसतो, कुठे इंजिनाच्या कंपनावरून किंवा बॅटरीवरून वेग काढतो.

आता तुम्हीच सांगा, तुमच्या डिझेल गाडीची शेवटची पीयूसी झाली तेव्हा कुणी बॉनेट उघडलं होतं का? मी ज्या केंद्रांवर गेलो तिथे सेन्सरची केबल खिळ्याला गुंडाळून टांगलेली असते आणि सायलेन्सरमध्ये नळी घालून "साहेब, थोडी रेस द्या" असं सांगतात. थोडी म्हणजे किती? त्याला माहीत नाही, मला माहीत नाही, आणि ज्या प्रमाणपत्रावर अशोकस्तंभ आहे त्यालाही माहीत नाही. या 'थोड्या रेस'वर काळा धूर ओकणारी गाडी पास होते. आणि वयाच्या रेघेवर चोख ठेवलेली गाडी नापास. ज्याची गाडी खरंच स्वच्छ आहे त्याला ते सिद्ध करायची संधी नाही. ज्याची घाण आहे त्याला पकडायची कुणाची इच्छा नाही.

इथे जुन्या गाड्यांच्या शौकिनांनाही दोन शब्द ऐकवायला हवेत, कारण त्यातले बरेच माझे मित्र आहेत. भाऊ, जुन्या डिझेलचा धूर वाईट असतो. त्यातली बारीक काजळी फुफ्फुसात खोल जाते. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय. तेव्हा "आमची गाडी म्हणजे वारसा, तिला हात लावू नका" हे चालणार नाही. वय बघू नका, मोजमाप करा, असं म्हणायचं असेल तर मोजमापात नापास झाल्यावर गाडी उभी करायची तयारी हवी. नाहीतर आपला युक्तिवाद फक्त सवलत मागण्याचा होतो.

आणि आणखी एक घाण आपल्यातच आहे. आरपीएम मीटर वेगळा निघत नाही म्हणून डॅशबोर्डचा अख्खा मीटरचा संच दुसऱ्या गाडीतून उचलून बसवायचा, आणि त्याबरोबर किलोमीटरचा आकडाही बदलून घ्यायचा. दोन लाख ऐंशी हजार चाललेली गाडी एका दुपारीत नव्वद हजारांची होते. मग ती ऑनलाइन जाहिरातीत 'फॅमिली यूज, कमी रनिंग' म्हणून विकायची. याला दुरुस्ती म्हणत नाहीत, फसवणूक म्हणतात. शिवाय दोन गाड्यांचे टायर आणि गिअरबॉक्स वेगळे असतील तर स्पीडोमीटरही चुकणार. संच बदलावाच लागला तर जुन्या मीटरचा फोटो, जुना आकडा, नवा आकडा आणि तारीख बिलावर लिहून घ्या, आणि गाडी विकताना तो कागद घेणाऱ्याच्या हातात द्या. एवढा प्रामाणिकपणा जमत नसेल तर कंपन्यांच्या नावाने बोटं मोडायचा अधिकार आपल्याला नाही.

मग करायचं काय? माझ्या मागण्या चारच आहेत, आणि चारही पैशापेक्षा इच्छाशक्तीच्या आहेत.

एक. ज्या मॉडेलचं उत्पादन आणि सुट्या भागांचा पुरवठा कंपनीने बंद केला, त्याचं सर्व्हिस मॅन्युअल आणि वायरिंग डायग्राम सर्वांसाठी खुलं करणं सक्तीचं करा. माल द्यायचा नसेल तर निदान माहिती द्या. 'राइट टू रिपेअर'च्या पोर्टलवर जागा आहे, तिथेच चढवा.

दोन. अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रात गाडी दाबून लोखंडाचा गठ्ठा करण्याआधी चालू भाग काढा, तपासा, त्यावर मॉडेल, इंजिन आणि वर्ष लिहिलेली चिठ्ठी लावा आणि बिलाने विका. मीटर, सेन्सर आणि मधला डबा एका पिशवीत. युरोपीय संघाने २००० साली आयुष्य संपलेल्या गाड्यांसाठी जो कायदा केला त्यात भागांचा पुनर्वापर हे उद्दिष्टच आहे, आणि गाडी सुटी करण्याची माहिती उत्पादकाने द्यायची आहे. आपण स्क्रॅपिंगचा शब्द घेतला आणि पुनर्वापर हातगाडीवर सोडून दिला. आज हे काम भंगार बाजारातले लोक करतात. त्यांना चोर समजून हाकलू नका. त्यांना पावती, नोंद आणि ओळख द्या. मालाचा मूळ मालक कळला की चोरीचा मालही आपोआप उघडा पडेल.

तीन. डिझेलच्या पीयूसीत आरपीएमची नोंद नसेल तर यंत्राने प्रमाणपत्र छापूच नये. प्रत्येक प्रमाणपत्रावर कमाल आरपीएम छापा. ज्या केंद्रात महिनाभर सगळ्या गाड्या १८०० च्या वर जातच नाहीत तिथे चौकशी करा. हे संगणकावर दिसतं, त्यासाठी छापे घालावे लागत नाहीत.

चार. आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या मुलांकडून हे प्रत्यक्ष करून घ्या: ठोके मोजा, पुलीचं गुणोत्तर काढा, मीटर ताडून बघा. सातवीच्या गणिताचा गुणाकार-भागाकार आहे. ज्या पोराला हे एकदा जमलं तो ट्रॅक्टरचा मीटरही नीट बसवेल, आणि ५४० च्या पीटीओवर मळणी यंत्र चालवणाऱ्या शेतकऱ्याचं भलं करेल. तिथेही काटा चुकला तर यंत्र चुकीच्या वेगाने फिरतं.

या चारही गोष्टींतून काय मिळेल? पास झालेली जुनी गाडी खरंच पास झालेली असेल आणि नापास झालेली खरंच नापास. गरीब माणसाची, जो दुसऱ्या-तिसऱ्या हाताची डिझेल गाडी घेऊन भाजी किंवा पाहुणे वाहतो, त्याची गाडी केवळ जन्मतारखेवर मरणार नाही. आणि शेजारच्या दम्याच्या पेशंटला 'थोडी रेस' वाल्या प्रमाणपत्राचा धूर खावा लागणार नाही. या दोघांना एकमेकांचे शत्रू करून ठेवलंय ते चुकीच्या मोजमापाने. मोजमाप बरोबर झालं तर दोघं एकाच बाजूला येतात.

तोवर आपल्या हातात आहे ते आपण करू. मीटर बदलताय? जोडी मागा. तीन आकडे ताडून दाखवा म्हणा. बिलावर लिहून घ्या. पीयूसीला गेलात तर "आरपीएमचा सेन्सर लावा" असं ठणकावून सांगा, गाडी चांगली असेल तर घाबरायचं कारणच नाही. आणि तुमच्या भागातल्या एखाद्या केंद्रावर तो सेन्सर खरंच लावतात असं दिसलं तर खाली कमेंटमध्ये जरूर सांगा. कोणत्या गावात, कधी पाहिलंत एवढं पुरे. वाईटाच्या तक्रारी आपण रोज करतो, चांगलं कुठे चाललंय तेही चार लोकांना कळू द्या.

पोस्ट लांबली, पण तुमच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याला आणि पीयूसीवाल्याला नक्की पाठवा. भांडण करा, माहितीत चूक असेल तर पुराव्यासकट दाखवा. फक्त "आपल्याकडे असंच चालायचं" एवढं म्हणू नका. ते ऐकून कान किटलेत.